हरवलेली भावंडे आणि उभारलेले घर : पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा पुनर्विचार

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती बालसाहित्यात एक कथासूत्र वारंवार आढळते. आईबाप दुरावलेली भावंडे निराधार होतात, उपासमार सोसतात, वाट चुकतात. कोणा सहृदय व्यक्तीच्या द्वारे त्यांना ईश्वराची ओळख होते आणि कथेच्या शेवटी श्रद्धेबरोबर हरवलेले कुटुंबही त्यांना परत मिळते. हेस्बा स्ट्रेटन ह्या इंग्रज लेखिकेची 'लिटल मेग्ज चिल्ड्रन' (१८६८) ही कथा ह्या साच्याचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. आईच्या मृत्यूनंतर धाकट्या भावंडांना सांभाळणारी दहा वर्षांची मेग आणि अखेरीस समुद्रावरून परतणारा तिचा बाप, एवढ्यावर ती कथा उभी आहे. मिशनऱ्यांच्या शाळा, रविवारच्या शाळा आणि मुलांसाठी निघणारी मासिके ह्यांच्या मार्गाने हा कथाप्रकार हिंदुस्थानातही रुजला. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' हे मासिक १८७३ साली सुरू झाले, त्या वेळी मराठी वाचकालाही अशा बोधपर वाचनाची ओळख होऊ लागली होती.

पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र मुलांसाठी सांगितले जाते तेव्हा ते बहुधा ह्याच साच्यात बसवले जाते. साचा बसतोही, कारण त्याला लागणारे सर्व घटक त्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेले आहेत : दुष्काळात आईबाप गमावलेली बहीण आणि भाऊ, हजारो मैलांची पायपीट, पुढे झालेला धर्मस्वीकार आणि अखेरीस केडगाव येथे उभे राहिलेले विशाल कुटुंब. परंतु ह्या आयुष्याचा क्रम लक्षपूर्वक पाहिला असता साच्याने झाकलेल्या काही गोष्टी दिसू लागतात. भावंडांपैकी भावाला घर मिळाले नाही. श्रद्धा एका क्षणी आणि एका सांत्वनासरशी प्राप्त झाली नाही. जे कुटुंब मिळाले त्याची किंमत रमाबाईंना आपल्या समाजाच्या रूपाने मोजावी लागली. ह्या तीन मुद्द्यांच्या अनुषंगाने रमाबाईंचे चरित्र पुन्हा एकदा क्रमाने पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. फिरते घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ ह्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कानडा प्रदेशात स्थायिक झालेले चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत पुण्यात असताना आपले गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते. आपल्या घरातील स्त्रीलाही ही विद्या द्यावी, असा निश्चय त्यांनी तेव्हापासून केला. पुढे तीर्थयात्रेत त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. त्या वेळी लक्ष्मीबाई जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या आणि शास्त्रीबुवांनी चाळिशी ओलांडली होती. वयातील हे अंतर त्या काळातील अनेक विवाहांसारखेच होते; ह्या विवाहाचे वेगळेपण असे की पतीने पत्नीला खरोखरच विदुषी केले. स्त्रीला संस्कृत शिकवल्याबद्दल अनंतशास्त्र्यांना पंडितांपुढे आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले आणि ते त्यांनी केले.

कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमा ही ह्या दांपत्याची तीन अपत्ये. रमा सहा महिन्यांची असताना आश्रम सुटला आणि कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून, हमालाच्या डोक्यावरून तिचा प्रवास सुरू झाला. पुढील सुमारे पंधरा वर्षे ह्या कुटुंबाला स्वतःची जागा नव्हती. तीर्थक्षेत्री किंवा देवळाच्या आवारात बसून पुराण सांगावे, श्रोते जे धान्य व दक्षिणा देतील त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, अशी त्यांची रीत होती. वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे रमेचे शिक्षण मुख्यतः आईने केले. पहाटेच्या वेळी आईच्या शेजारी बसून तिने अमरकोश आणि भागवत पाठ केले. धाकट्या मुलीचा विवाह लहानपणीच उरकण्याचे शास्त्रीबुवांनी टाळले. थोरल्या कृष्णाबाईचा विवाह अयशस्वी ठरला होता आणि त्या अनुभवाने ते सावध झाले होते.

रमाबाईंच्या पुढील जीवनाचा विचार करताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो. ज्या काळात ब्राह्मण घरातील मुलगी आठव्या-नवव्या वर्षी सासरी जाई, त्या काळात सोळाव्या वर्षापर्यंत ही मुलगी अविवाहित, सुशिक्षित आणि सतत प्रवासात होती. घर म्हणजे चार भिंती, ही कल्पना तिच्या बालपणात नव्हतीच. घर म्हणजे एकत्र चालणारी पाच माणसे, एवढाच त्या शब्दाचा तिला ठाऊक असलेला अर्थ होता. दुष्काळाने ही पाच माणसे हिरावून घेण्यास सुरुवात केली तेव्हा तिचे घर ह्याच अर्थाने मोडले.

३. दुष्काळ

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात हे कुटुंब फिरत असताना अन्नाची टंचाई जाणवू लागली. पुराण ऐकायला श्रोते येत, पण देण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. भांडी, दागिने, वस्त्रे एकामागून एक विकली गेली. ब्राह्मणाने मजुरी करू नये ही समजूत घट्ट होती आणि मजुरी येतही नव्हती. देव प्रसन्न होऊन धन देईल ह्या आशेने उपवास, जप, प्रदक्षिणा आणि दाने चालू राहिली. जवळचे शेवटचे द्रव्यही दानात गेले. नंतरच्या काळात रमाबाईंनी आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या. त्यांत भुकेच्या यातनेइतकाच ह्या निष्फळ प्रतीक्षेचा सल जाणवतो.

तिरुपतीच्या परिसरातील अरण्यात अन्नावाचून दिवस काढल्यावर वडिलांनी पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा विचार बोलून दाखवला. त्या क्षणी श्रीनिवासाने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दर्शवली. मुलाच्या ह्या शब्दाने वडिलांचा बेत थांबला. पण तोवर त्यांच्या शरीरातील शक्ती संपत आली होती. थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन ईश्वराच्या हाती सोपवले आणि सन्मार्गाने राहून त्याचीच सेवा करण्यास सांगितले. त्यांचा देह श्रीनिवासाने स्वतःच्या पाठीवर वाहून नेला.

काही आठवड्यांनी आई अंथरुणाला खिळली. तिने भाकरीची इच्छा व्यक्त केली म्हणून रमा शेजारच्या घरी मागायला गेली. भिक्षा मागण्याची सवय नसलेल्या त्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. भाकरीचा तुकडा मिळाला, पण आईला तो खाता आला नाही. आईच्या अंत्यविधीसाठी खांदेकरी मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण आले आणि भाऊ व बहीण मिळून चौघांनी तिरडी उचलली. रमा उंचीने लहान असल्यामुळे तिच्या बाजूचा भार तिला डोक्यावर घ्यावा लागला. पुढे कृष्णाबाईलाही पटकीने गाठले आणि पाच माणसांपैकी दोनच उरली.

४. दोन भावंडांची वाट

ह्यानंतरची सुमारे तीन वर्षे श्रीनिवास आणि रमा उत्तर हिंदुस्थानभर हिंडली. पंजाब, काश्मीर, राजपुताना अशा दूरदूरच्या प्रदेशांतून त्यांनी पायी प्रवास केला. अंतर सुमारे चार हजार मैलांचे भरते असे सांगितले जाते. कित्येकदा भिजवलेले चणे आणि मीठ एवढेच अन्न असे. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत ती आडवी झाली आणि अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. ह्या प्रसंगाचा उल्लेख रमाबाईंनी पुढे अतिशय संयमाने केला आहे. परंतु आईबापांना नुकताच निरोप दिलेली दोन भावंडे जिवंतपणी अशा खड्ड्यांत निजलेली पाहिली म्हणजे त्या पायपिटीचे स्वरूप वेगळ्या वर्णनावाचून ध्यानात येते.

ह्या काळातील त्यांची मानसिक अवस्था विशेष अभ्यासण्याजोगी आहे. बोधकथेतील अनाथ मुले अज्ञानातून ज्ञानाकडे जातात. ही भावंडे मात्र शास्त्र जाणत होती. शास्त्राने सांगितलेले सारे आईवडिलांनी केले होते आणि त्याचे फळ काय मिळाले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे व्रते, तीर्थे आणि मूर्ती ह्यांवरील त्यांचा विश्वास उडाला. पण जातिनियम मात्र दोघे पाळत राहिली. श्रद्धा गेली आणि आचार उरला, अशी ही मधली अवस्था होती. त्यांची पुढील वाटचाल ह्या रिकाम्या जागेतून झाली.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. अविवाहित वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते ह्याचे तेथील विद्वानांना आश्चर्य वाटले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. ह्याच शहरात त्यांनी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना प्रथम पाहिली. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटलेली माणसे पाहून ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे दोघांना वाटले. तेथे रमाबाईंना संस्कृत बायबल भेट मिळाले, पण त्याची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृतापेक्षा इतकी निराळी होती की त्यात त्यांचे मन रमले नाही. रमाबाईंच्या धर्मस्वीकाराचा इतिहास सांगताना ह्या पहिल्या भेटीतील गैरसमजाकडे दुर्लक्ष होऊ नये. बोधकथेत ग्रंथ हाती येताच अंतःकरण उजळते. येथे ग्रंथ हाती आला आणि बाजूला ठेवला गेला.

स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्रांचा अभ्यास सुरू केला. स्त्रीला आणि शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, तसेच पतिसेवेवाचून स्त्रीला स्वतंत्र मोक्ष नाही, ही मते एकमेकांशी अन्यथा न जुळणाऱ्या ग्रंथांतही समान आहेत असे त्यांना आढळले. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचवले व ग्रंथाची प्रतही दिली. वाचन वाढले तसा असंतोषही वाढत गेला.

१८८० साली बंगालमध्येच श्रीनिवासाचे निधन झाले. मृत्युशय्येवर त्याला चिंता होती ती बहिणीच्या भवितव्याची. ईश्वर आपला सांभाळ करील असे बहिणीने सांगितल्यावर त्याला समाधान वाटले, अशी नोंद रमाबाईंनी केली आहे. हे आत्मनिवेदन 'ए टेस्टिमनी' ह्या नावाने १९०७ साली, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेला पक्वता आल्यानंतर प्रसिद्ध झाले. तरीही भावाच्या अखेरच्या क्षणांना ख्रिस्ती रंग देण्याचे त्यांनी टाळले. भाऊ ज्या अवस्थेत गेला त्याच अवस्थेत त्यांनी त्याला राहू दिले. चरित्रकारांनी पुष्कळदा त्याला एका वाक्यात निरोप दिला आहे. वस्तुतः सोळाव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत रमाबाईंचे सारे कुटुंब म्हणजे हा एक भाऊ होता.

५. संसार आणि वैधव्य

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर होता आणि दोघांपैकी कोणाचीही प्रचलित धर्मावर निष्ठा उरली नव्हती, म्हणून १८७२ च्या विवाहविषयक कायद्याचा आधार घेण्यात आला. दोघे आसामातील सिल्चर येथे राहू लागली. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. येथे रमाबाईंच्या हाती लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका आली आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या उत्पत्तीची कथा ऐकू लागल्या. त्यांची ही जिज्ञासा पतीला रुचली नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीनेच बिपिनबिहारींचा मृत्यू झाला. विवाहानंतर दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. १८८२ हे वर्ष त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत कार्यबहुल वर्ष होय. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर ह्यांची गरज प्रतिपादिली. 'स्त्रीधर्मनीति'ची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि तिची भूमिका परंपरेच्या चौकटीत राहून स्त्रीने स्वतःची उन्नती साधावी अशी आहे. ह्या पुस्तकातील लेखिका आणि पुढे पाचच वर्षांनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) लिहिणारी लेखिका ह्यांच्यातील अंतर हे रमाबाईंच्या वैचारिक प्रवासाचे उत्तम मोजमाप आहे.

६. धर्मस्वीकार : एक दीर्घ प्रक्रिया

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता, परंतु श्रवणदोषामुळे तो सफल झाला नाही. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन ह्या संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांचा त्याच वर्षी तेथे दुःखद अंत झाला. परक्या देशात सोबतीला असलेले एकमेव आपले माणूस असे नाहीसे झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा ह्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या निर्णयामागे अनेक कारणे एकत्र आली होती. लंडनमधील फुलम येथे भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवत असलेले कार्य रमाबाईंनी पाहिले. पतित मानलेल्या स्त्रीलाही पुन्हा उभे करता येते आणि ते धर्मकार्य मानले जाते, हे त्यांना नवीन होते. शोमरोनी स्त्रीची बायबलमधील कथा त्यांना ह्याच संदर्भात भिडली. वाराणसीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच धर्मांतरानंतरचे फादर नेहेम्या गोऱ्हे, ह्यांच्या लेखनाने त्यांच्या बौद्धिक शंकांचे बऱ्याच अंशी निरसन केले. स्त्रीच्या मोक्षाचा प्रश्न कलकत्त्यास अनुत्तरित राहिला होता, त्याचे उत्तर त्यांना येथे मिळाले.

बाप्तिस्म्याबरोबर शोध संपला असे मात्र म्हणता येत नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात डोरोथिया बील ह्यांच्या हाताखाली शिकत असताना त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व ह्या सिद्धांतांविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी सुचवले तेव्हा त्यांनी ते मानण्यास नकार दिला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांना त्यांनी हरकत घेतली. संस्कृत अक्षरे का नकोत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या आध्यात्मिक माता म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी त्यांचा ह्या विषयांवर प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. ह्या सिस्टरांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. परकीय जोगिणीला घरगुती नात्याने हाक मारणे आणि त्याच पत्रात तिच्या आज्ञेला ठाम नकार देणे, ह्या दोन्ही गोष्टी रमाबाई सहजपणे करत. नाते हवे, पण त्यासाठी बुद्धी गहाण टाकायची नाही, अशी त्यांची भूमिका दिसते. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना अधिक उत्कट असा अंतर्बाह्य प्रत्यय आला आणि त्यांनी स्वतः त्यालाच खऱ्या श्रद्धेचा आरंभ मानले. बाप्तिस्मा आणि हा प्रत्यय ह्यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट साचेबंद चरित्रांत सहसा दिसत नाही.

७. शारदा सदन आणि समाजाशी दुरावा

१८८६ साली नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिल्या. त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, देशभर व्याख्याने दिली आणि विधवांसाठी निधी जमवला. ह्या वास्तव्यातून सिद्ध झालेला 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा ग्रंथ मराठी प्रवासवाङ्मयात महत्त्वाचा आहे. 'स्त्रीधर्मनीति'तील पांडित्यपूर्ण शैली येथे मागे पडली असून निरीक्षणाला मोकळी, सुबोध भाषा मिळाली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ह्या बालविधवा होत्या. त्यांना त्यांचे बंधू नरहरपंत जोशी ह्यांनी सदनात आणले. ह्याच गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. भावाने बहिणीचा हात धरून तिला शिक्षणाकडे आणावे, ही घटना रमाबाईंच्या पूर्वायुष्याशी जुळणारी आहे.

१८९० साली सदन पुण्यास हलले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपली प्रार्थना स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून करत आणि मुलींना तेथे येण्यास मज्जाव नसे. काही मुली येऊन बसू लागल्या. हे पाळलेल्या वचनाच्या मर्यादेत होते की मर्यादेबाहेर, ह्यावर मोठा वाद झाला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ह्या वादाकडे केवळ एका बाजूने पाहणे योग्य होणार नाही. अनाथ आणि विधवा मुली आपल्या पालनकर्त्या स्त्रीच्या श्रद्धेने प्रभावित होणे स्वाभाविक होते. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसगत झाल्यासारखे वाटणेही तितकेच स्वाभाविक होते. रमाबाईंच्या दृष्टीने प्रश्न निराळा होता. ज्या घरात आपण ह्या मुलींची आई म्हणून राहतो त्या घरात आपली श्रद्धा दाराआड लपवावी लागणार असेल तर ते घर घर राहत नाही, असे त्यांच्या वर्तनावरून दिसते. परिणाम असा झाला की ज्या सुधारकांनी १८८२ साली त्यांचे स्वागत केले होते तेच वर्तुळ त्यांच्यापासून दूर गेले. मराठी समाजातील त्यांचे स्थान त्यानंतर पूर्ववत झाले नाही.

८. केडगाव : दोन हजारांचे कुटुंब

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वार्ता ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास भटकणाऱ्या मुली आणि त्यांच्यावर टपून असलेली माणसे त्यांनी पाहिली. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची अवस्था त्यांना आठवली नसती तरच नवल. सुमारे तीनशे मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर तात्पुरती व्यवस्था करण्यात आली आणि त्यातून मुक्तिसदन आकाराला आले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींची भर पडून तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ह्या संस्थेचे स्वरूप पाहिले असता रमाबाईंच्या बालपणातील उणिवा आणि संस्कार दोन्ही तिच्यात उतरलेले दिसतात. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, धुलाई, छापखाना अशी अनेक कामे मुलींना शिकवली जात. ब्राह्मणाने मजुरी करू नये ह्या समजुतीपायी ज्या कुटुंबाने उपासमार पत्करली, त्या कुटुंबातील मुलीने हाताच्या कामाला आपल्या घराचा पाया केला. मोठ्या मुली लहानांना सांभाळत आणि शिकलेल्या न शिकलेल्यांना अक्षरे गिरवायला लावत. अशा रीतीने रक्ताचे नाते नसलेल्या मुली एकमेकींच्या बहिणी होत. अंध स्त्रिया, वृद्धा आणि समाजाने टाकलेल्या तरुणी ह्यांनाही येथे स्वतंत्र विभाग मिळाले. फुलम येथे पाहिलेल्या कार्याची ती प्रत्यक्ष फलश्रुती होती.

अखेरच्या सुमारे पंधरा वर्षांत रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उपलब्ध भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. कलकत्त्यास मिळालेले संस्कृत बायबल परके वाटून त्यांनी स्वतः बाजूला ठेवले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांच्या पांडित्याचा गौरव संस्कृतामुळे झाला त्यांनी आयुष्याच्या शेवटी संस्कृत शब्द गाळून साधी मराठी घडवण्यासाठी कष्ट घेतले आणि खिळे जुळवण्यापासूनचे छपाईकाम सदनातील स्त्रियांकडूनच करून घेतले. मराठी गद्याच्या अभ्यासात ह्या भाषांतराची दखल अजूनही पुरेशी घेतलेली नाही.

ह्या कार्यात मनोरमा त्यांची प्रमुख साहाय्यक होती. बालपणाचा काही काळ वाँटेजच्या भगिनींकडे आणि विद्यार्थिदशेचा काही भाग अमेरिकेत घालवून ती आईजवळ परतली होती. आईच्या विशाल कुटुंबात एका मुलीच्या वाट्याला आई किती येत असेल, हा प्रश्न चरित्रांत विचारला जात नाही. तो विचारायला हवा. मनोरमेने विवाह केला नाही. आईचे कार्य हेच तिने आपले मानले. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. रक्ताच्या कुटुंबातील अखेरचे माणूसही असे गेले. त्यानंतर रमाबाई जेमतेम आठ महिने जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. बायबलचे भाषांतर तोवर पूर्ण झाले होते. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. हरवलेल्या भावंडांच्या बोधकथेत कुटुंब परत मिळते. रमाबाईंच्या चरित्रात गेलेल्यांपैकी कोणीही परत आले नाही; आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि मुलगी ही सारी माणसे त्यांनी एकेक करून गमावली. जे मिळाले ते त्यांनी स्वतः उभारले. त्यांची श्रद्धाही वादविवाद, नकार आणि पुनर्विचार ह्यांतून सिद्ध झाली. तिच्यामुळे एक घर लाभले आणि दुसरे दुरावले.

चरित्र बोधकथेच्या साच्यात घातल्याने दोन बाजूंनी हानी झाली आहे. ख्रिस्ती वाचकांना त्यातून शंका घेणाऱ्या, धर्माधिकाऱ्यांशी वाद घालणाऱ्या रमाबाई दिसल्या नाहीत. ख्रिस्तेतर मराठी वाचकांनी हे चरित्र धर्मप्रसाराची गोष्ट समजून दीर्घकाळ दूर ठेवले आणि एका समर्थ गद्यलेखिकेला ते मुकले. देवदत्त नारायण टिळक ह्यांचे १९६० सालचे मराठी चरित्र, अ. भि. शहा ह्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेला पत्रव्यवहार आणि पुढे मीरा कोसंबी ह्यांनी केलेले संपादन-भाषांतराचे काम ह्यांमुळे ही कोंडी बरीच फुटली आहे. आता रमाबाईंचे मराठी ग्रंथ आणि त्यांचे बायबल वाङ्मयीन दृष्टीने एकत्र वाचण्याची आवश्यकता आहे. तसे वाचन करताना झेलमच्या वाळूत शेजारी निजलेला तो भाऊही विसरला जाऊ नये. केडगावच्या घराचा आराखडा त्या दोघांच्या वाटचालीतच प्रथम आखला गेला होता.